घळीतली घोंगडी

सड्यावरचं, म्हणजे गावामागच्या कातळाच्या माळावरचं, ते प्रकरण मी विसरलेले नाही. मी फौजदार नव्हते. रत्नागिरीजवळच्या एका ठाण्यात बायकांची झडती घ्यायला नेमलेली बाई होते. हुद्दा नव्हता, काम होतं.

चैत्रातली दुपार होती. एका गाडीवानाने ठाण्यात वर्दी दिली की घळीच्या तोंडाशी एक माणूस बेशुद्ध बाईजवळ बसलाय आणि त्याच्या घोंगडीला रक्त लागलंय. शिपाई धावले. बाईला इस्पितळात पोचवलं, माणसाला कोठडीत. तो गावाबाहेरच्या वस्तीतला, टोपल्या विकणारा. बाईच्या कपाळाला खोक होती, पण लुगडं भिजलं होतं ते कमरेखाली. त्यावरून फौजदारांनी जे समजायचं ते समजून घेतलं.

संध्याकाळी तिच्या सोबतच्या तिघी आल्या. तिची चुलत सासू आणि दोन शेजारणी. चौघी देवीची ओटी घेऊन सड्यावरून जत्रेला निघाल्या होत्या. सासूने जबाब दिला, "ती मागं रायली. आमी पुढं आलो. या मेल्यानंच काय तरी केलान असंल."

त्या माणसाचा जबाब त्याहून छोटा. "बाय घळीत पडली व्हती. घोंगडीत घालून उचलून आनली, साहेब."

"मग रक्त कुठलं?"

यावर तो खाली बघायचा. मार खाल्ला तरी खालीच.

"बघा, गुन्हेगार असाच बघतो," हवालदार म्हणाला. खाली बघण्यावरून मला तरी माणूस खाली बघतोय एवढंच कळतं.

बाईचे कपडे मुद्देमालात घ्यायचे होते. पुरुषांनी हात लावू नये म्हणून इस्पितळातून ते माझ्याकडे आले. लुगड्यात घडी घातलेलं जुनेराचं फडकं होतं. कुठल्याही बाईला ते बघून कळलं असतं. मी फौजदारांना म्हटलं, "साहेब, हे मारहाणीचं रक्त नाही."

"रक्त ते रक्त, बाई. तुम्ही झडतीपुरतं बघा."

मी सासूला मागे विहिरीवर नेलं. तांब्या पुढे केला आणि विचारलं, "काकी, तिला वाटेतच दूर बसायची वेळ आली ना?"

तिने तांब्या घेतलाच नाही. "ओटी व्हती गो बाय हातात. देवीची ओटी. तिला म्हटलं, तू लांबनं ये."

"आणि पाणी?"

"कळशी एकच व्हती. इटाळाचा हात कसा लावू देऊ?"

"उन्हाने तापलेल्या कातळावर तिला तहानेली सोडलीत, आणि ती घळीत पडल्यावर दुसऱ्याच्या गळ्यात दोर?"

"पुरुषांच्या म्होरं हे कसं सांगायचं गो?" ती पदरात तोंड घालून बसली. "फाशी देतील का त्याला?"

तिला फौजदारांसमोर मीच उभी केली. तिने मान वर न करता सांगितलं, अडली तिथे मी शब्द पुरवले. फौजदार कान लाल होईपर्यंत दौतीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सूनबाई शुद्धीवर आली. ती मला म्हणाली, "मी त्याला सांगितलं व्हतं, शिवू नको, माझा इटाळ हाय. तर म्हनतो कसा, 'बाय, माझा तर जन्माचा हाय. पी पानी.'"

हे त्याने कोठडीत का सांगितलं नाही, ते मी सुटकेच्या वेळी विचारलं. तो म्हणाला, "बायमानसाची गोष्ट. चार लोकांत कशी काढू?"

त्यानंतर बाई कुठलीही असो, जबाब लिहिण्याआधी मी तिला विहिरीवर नेऊन बसवायचे. ठाण्यात तसा पायंडा नव्हता. मी पाडला.

सुटकेच्या त्या दिवशी त्याची घोंगडी परत करताना मला लाज वाटत होती. मुद्देमाल धुता येत नाही, त्यामुळे डाग तसाच होता. ठाण्याच्या अंगणात सासू आणि त्या दोन शेजारणी उभ्या होत्या. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, डाग आतल्या बाजूला जाईल अशी घोंगडीची घडी घातली, आणि काखेत मारून सड्याच्या वाटेला लागला.

तिघींनाही त्याच वाटेने जायचं होतं. तो दिसेनासा होईपर्यंत त्या थांबल्या. मग निघाल्या.