वॉल्व्हवाल्याच्या दारातला मोगरा

पुंडलिकनं खुरपं बाजूला टाकलं, मोगरा दोन्ही हातांनी बुडाशी धरला आणि ओढला. झाड लगेच वर आलं. एवढं लगेच यायला नको होतं.

"अहो, जित्तं आहे ते अजून," दारातनं गोदावरी म्हणाली.

"कुठलं जित्तं."

पुंडलिक मुन्सिपाल्टीचा वॉल्व्हवाला. कमरीपेठेतल्या त्यांच्या गल्लीला चौथ्या दिवशी पाणी यायचं, ते ह्याच्या चावीनं. "अण्णा, गल्लीला पाजताय, दारातलं एक झाड जगवा की," असं कुणी बोललं तर तो हसायचा. त्याचं त्याला काही वाटत नव्हतं. पण वर्षात दोन मोगरे आणि एक अबोली गेली, तेव्हा शेजारच्या सखूबाईनं गोदावरीच्या हातालाच नावं ठेवली, हिच्या हाताला झाड लागत नाही म्हणून. ते गल्लीभर झालं. चैत्राच्या हळदीकुंकवाला सगळ्या बायका फुलं तोडायला उठल्या आणि हिला म्हणाल्या, "तू बस गं अक्का, दमली असशील." ती बसली. त्या दिवसापासनं ती दुसऱ्याच्या तुळशीला पदरसुद्धा लागू देईना. हे त्याला सोसत नव्हतं. हा तिसरा मोगरा होता.

त्यानं मुळं बघितली. काळी, बुळबुळीत. वास नासक्या बटाट्याचा. वरची माती भेगाळलेली, आणि चार बोटं खाली नुसता चिखल.

"शिळं पाणी कुठं ओततेस?"

"कुठं म्हणजे? झाडाला. गटारीत घालवू व्हय?"

नवं पाणी यायचं म्हटलं की साठवलेलं ओतून भांडी रिकामी करायची, ही सगळ्यांचीच रीत. पण बाकीच्या बायकांना नळ गुरगुरला की कळायचं, घाईत अर्धी घागर ओतली जायची. गोदावरीला नवरा सकाळीच सांगून जायचा. मग पिंप, दोन्ही हंडे, बादली, सगळं मोगऱ्याच्या बुडात.

"आणि मधल्या दिवशी?"

"मान टाकायचं बिचारं. मग तांब्या-तांब्या घालायची."

पुंडलिक मातीतच बसला आणि हसत सुटला. "म्हणजे मीच बुडवलं की गं त्याला."

त्यानं खड्डा उपसला. तळाला कौलांचे तुकडे, वर उणकलकडनं पोत्यात आणलेली तांबडी माती, आणि तिच्यात नवा मोगरा. गोदावरी आता आधी बोट खुपसून बघायची, ओल लागली की तांब्या परत आत. शिळ्या पाण्यानं ती कट्टा धुवायची. पुढच्या उन्हाळ्यात मोगरा एवढा लागला की वेणी करून फुलं उरायची. सखूबाई स्वतः आली. "फांदी दे की. तुझ्याच हातानं लावून दे."

"माझ्या हातानं?"

"होगली बिडु," सखूबाई कानडीत म्हणाली. "सोड ते आता."

गोदावरीनं लावून दिली. त्या दिवशी तिनं गोड केलं होतं.

बऱ्याच वर्षांनी गोदावरीला सखूबाईकडनंच कळलं. झाड उपटायच्या आधी आठवडाभर पुंडलिक गल्लीतल्या एकेका दारात जाऊन सांगून आला होता, तिच्या हाताचा दोष नाही, झाडं मीच मारली, भिंतीला मारायच्या चुन्याचं उरलेलं पाणी ओतून. कुणाला ते पटलं नव्हतं. गोदावरीला मात्र ह्यातलं कुणीच काही बोललं नव्हतं.