रविवारचे अण्णा

अण्णांनी उभ्या आयुष्यात कळवून कोणाच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. दारावरची बेल ते वाजवत नसत. बाहेरूनच "आहे का कोणी?" विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्या चपला काढून झालेल्या असायच्या. यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. "कळवून गेलं की त्या घरची बाई सकाळपासून राबते. आपण तसंच जायचं, असेल ते खायचं, स्वल्प बोलायचं, उठायचं. सरी?" त्या शेवटच्या 'सरी'ला, म्हणजे कानडीतल्या 'बरं का'ला, नाही म्हणायची सोय नसे.

मी पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आलो तेव्हा बसवनगुडीत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन वर्षं भाड्याने राहिलो. त्यांचं घराणं तिथे कैक पिढ्यांचं. मराठी घरापुरती, बाकी सगळा कारभार कानडीत. अण्णा तेव्हा पन्नाशीचे, सरकारी कचेरीत नकाशे काढायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रविवारी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे आणि तीन-चार घरं करून दिवेलागणीला परतायचे. पण एकेक घर गळत गेलं. कोणी मुलाकडे परगावी गेलं, कोणाकडे केबल आली. "हल्ली लोक माझ्याशी बोलताना टीव्हीकडे बघतात," ते एकदा म्हणाले. "मग मीपण बघतो. काय करणार?"

लग्नानंतर मी इंदिरानगरात फ्लॅट घेतला आणि अण्णांना उरलेलं एकमेव घर आमचं झालं. दोन बस बदलून यायचे. वर्तमानपत्रात गुंडाळलेला परसातला कढीपत्ता आणायचे. माझ्या बायकोला पहिल्या दिवसापासून सूनबाई म्हणायचे, कुठल्या नात्याने ते आम्ही कधी विचारलं नाही. दाराजवळच्या खुर्चीत बसून कॉफी प्यायचे, तासाभराने उठायचे. त्रास असा काहीच नव्हता. पण आठवड्यातून एकच सुट्टी, आणि ती आपल्याला मोकळी हवी, हे खूळ तेव्हा आमच्या डोक्यात नवंच शिरलं होतं.

एका रविवारी माझे साहेब सपत्नीक जेवायला आले होते. अण्णा नेहमीसारखे आले, बसले, आणि साहेबांच्या बायकोला म्हणाले, "मुलं किती?" त्यांना मूल नव्हतं. अण्णांना वाईट वाटलं. "आम्हालापण नाही झालं," ते अगदी मायेने म्हणाले, पण साहेबांनी जेवण आटोपतं घेतलं. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गाठून त्यांना सांगितलं, "अण्णा, आता आमच्याकडे फोन आलाय. येण्याआधी एक फोन करत जा." त्यांनी नंबर खिशातल्या डायरीत व्यवस्थित उतरवून घेतला. "सरी. फोन करतो," म्हणाले. राग नाही, काही नाही.

पुढच्या रविवारी फोन आला. "येऊ का रे?" आम्ही सिनेमाला निघालो होतो. पुढच्या रविवारी पाहुणे होते. त्यानंतर एकदा नुसताच कंटाळा होता. चार रविवार मी "पुढच्या आठवड्यात नक्की या" म्हटलं आणि चारही वेळा ते "सरी, सरी" म्हणाले. मग फोन यायचा थांबला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

दोन-तीन महिन्यांनी आमच्या इमारतीखालच्या फोन बूथमध्ये मी झेरॉक्स काढायला गेलो. बूथवाल्याने सहज विचारलं, ते कढीपत्तावाले सर हल्ली दिसत नाहीत? मला कळेना. तो म्हणाला, "ते इथूनच तर तुमचा नंबर लावायचे. फोन ठेवला की कढीपत्ता मला देऊन परतीच्या बसला जायचे."

बसवनगुडीहून फोन केला असता तर ते कळवून येणं झालं असतं. सूनबाई राबली असती. म्हणून अण्णा आमच्या घराखाली येऊन फोन करत होते, आणि मी वरून त्यांना पुढचा आठवडा देत होतो.

तसाच बस पकडून मी बसवनगुडीला गेलो. रविवारच होता. घराला कुलूप. शेजारच्या अक्का मला ओळखत होत्या. "अय्यो, तुम्ही इथे? अण्णा तुमच्याकडेच गेलेत की. दर रविवारी तर येतात," त्या म्हणाल्या. माझा चेहरा पाहून त्यांनी मला आत बसवलं आणि कॉफी दिली.

दिवे लागल्यावर फाटक वाजलं. अक्का दारात गेल्या. "आलात? सगळे बरे आहेत?"

"बरे आहेत, अक्का," बाहेरून अण्णांचा आवाज आला. "सूनबाई उठूच देत नव्हती. जेवूनच जा म्हणाली. पोट भरलंय अगदी."

एवढं बोलून ते किल्ली घ्यायला अक्कांच्या उंबऱ्यात आले आणि मला पाहून थबकले. मला मान वर करवेना. या माणसाने शेजारणीपुढे आमचं नाव राखलं होतं, आणि आपल्याला जायला एक घर आहे, हेही.

अक्कांनी कोणाकडेच पाहिलं नाही. "भात जास्त झालाय, अण्णा," त्या म्हणाल्या. "स्वल्प बसा दोघं." त्यांनी दोन ताटं मांडली. भूक नाही, भूक नाही म्हणत अण्णांनी तीनदा भात घेतला.