काकांनी चमकवलेला ब्रेक

मुलगी थांबलीच नाही. इंदूरबाहेर राऊजवळच्या उतारावर आमच्या नव्या स्केट्सची टेस्ट चालली होती. कोच ओरडला, "ब्रेक मार!" तिने मारलाही. तरी ती सरळ जाऊन दगडी कठड्यावर आदळली. बारा वर्षांची पोर, उजवं मनगट मोडलं.

इंदूरच्या एका छोट्या फॅक्टरीत मी तेव्हा प्रॉडक्शन बघायचो. एका रांगेत चाकं असलेले स्केट्स बाहेरून नुकते येऊ लागले होते. आमच्या सेठजींनाही ते बनवायचे होते, टेस्टला नेलेली ही पहिलीच खेप. या स्केटचा ब्रेक म्हणजे टाचेमागचा रबरी ठोकळा. पाय पुढे करून पंजा उचलला, की तो रस्त्याला घासतो. त्याने रस्ता धरायचा, बस, एवढंच त्याचं काम.

फॅक्टरीत येऊन मी उरलेला माल बघितला. सगळे ठोकळे काचेसारखे गुळगुळीत, वरून वार्निशचा हात. दोन-चार वेळा घासल्यावर ते उडालं असतं. पण पोरीचा तो पहिलाच उतार होता. माझं डोकं सणकलं.

"हे कोणी केलं?"

"मी, साहेब," सोनवणे काका म्हणाले. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. शाबासकीची वाट बघत उभे होते बिचारे.

काका कापड मिलमधले. मिल बंद पडली, दोन वर्षं घरी बसले, मग मीच त्यांना इथे लावलं. मिलमध्ये सूत ओढणाऱ्या रोलरवर रबरी नळी असते. ती जराही खरखरीत राहिली की कापूस गुंडाळतो, धागा तुटतो. म्हणून ती घासायची, वर सोल्युशन लावून चमकवायची. बावीस वर्षं काकांनी हेच केलं. साच्यातून निघालेले आमचे खरखरीत ठोकळे त्यांना अर्धवट काम वाटले.

आणि त्यांनी मला विचारलं होतं. "साहेब, याला फिनिश द्यायचं ना?" मी फोनवर होतो. मला वाटलं, कडेचं जादा रबर कापायचं म्हणतायत. हो म्हणून मान डोलावली.

सेठजी तणतणत आले. "काका, किसी से पूछ के किया ये?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"नहीं सेठजी. अपनी अकल लगाई."

"मिलवालों को रखो तो यही होता है. कल से मत आना."

गेटपर्यंत मी सोबत गेलो. विचारलं, "काका, माझं नाव का नाही घेतलं?"

"तुम्हालाही काढलं असतं तर मला दुसरीकडे कामावर कोणी लावलं असतं, साहेब?"

तेव्हापासून ब्रेकच्या प्रत्येक ड्रॉइंगवर मी लिहितो, पॉलिश करू नये. कामगार काही विचारायला आला की फोन खाली ठेवतो. काकांसाठी मात्र मी कुठे शब्द टाकला नाही. तिथे कोणी विचारलं असतं, आधीचं काम का सुटलं, तर मला सांगावं लागलं असतं.