दोन बादल्या आणि एक रायफल

बंदुकीच्या तेलाचा वास आला की मला कॅनडातल्या रेजिना शहराजवळचं ते बंदुकांचं दुकान आठवतं. आमच्या नव्या शेतावरच्या नऊ कोंबड्या कोल्ह्यासारख्या कोयोटींनी आठवड्याभरात पळवल्या होत्या. मी नागपूरचा, ऑफिसात कोडिंग करणारा. बंदुकीचं लायसन्स मिळताच कमरेला लावायचं रिव्हॉल्व्हर घ्यायला निघालो. काम करताना दोन्ही हात मोकळे राहतील, हा माझा मुद्दा. म्हातारा दुकानदार शांतपणे म्हणाला, शेतकामासाठी हँडगन बाळगायचं परमिट तुम्हाला मिळणार नाही, छोटी रायफल घ्या. मी हिरमुसलो. बायकोने मात्र रिकामी रायफल पट्ट्याने पाठीवर अडकवली, तिथल्याच दोन बादल्या उचलल्या आणि वाकत, वळत दुकानभर फिरून आली. “हात मोकळेच आहेत की,” ती म्हणाली. दुकानदाराने टाळ्या वाजवल्या. दसऱ्यापर्यंत त्या रायफलीच्या नुसत्या आवाजानेच कोयोटी फिरकेनासे झाले. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात, म्हणून तिने रायफलीला हळदकुंकू वाहिलं. नमस्कार करता करता मी पुटपुटलो, “पुढच्या वर्षी रिव्हॉल्व्हर.” “आधी कोंबड्यांचं पाणी भर,” ती म्हणाली. आजही रायफल पुसायला घेतली की दस्त्यावरचा तो कुंकवाचा डाग तेवढा मी सोडून देतो.