थांबा म्हणणारी सिस्टर

टाके घालायचं मला कॉलेजात शिकवलं, माणसं सांभाळायचं कोणी शिकवलं नाही. माझे सर ऑपरेशन करता करता चिमटे फेकून मारायचे. त्यांच्यापुढे सिस्टर श्वाससुद्धा जपून घ्यायच्या. आपण असं व्हायचं नाही, एवढं ठरवून मी यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या एका सरकारी दवाखान्यात सर्जन म्हणून रुजू झाले.

सुरुवातीलाच थिएटरमध्ये सगळ्यांना सांगितलं, "काही चुकतंय असं वाटलं, तर कोणीही 'थांबा' म्हणायचं. मलाही. मी रागावणार नाही."

भूल देणारे डॉक्टर हसले. "मॅडम, इथं असं नाही चालत."

पण चाललं. आधी थिएटरच्या मोठ्या सिस्टरनी धीर केला, मग वॉर्डबॉयही बोलू लागला. वर्षभरात माझ्या टेबलाभोवती माणसं बोलत होती. मला त्याचा फार अभिमान होता.

मग फुलसावंगीकडची एक बाई आली. गर्भाशयात मोठी गाठ, अंगात रक्त कमी. भूल द्यायच्या आधी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, थांबा. रक्ताच्या पिशवीवरचा नंबर अन् चिठ्ठीवरचा नंबर येगळा आहे."

मी ऑपरेशन थांबवलं. बरोबर रक्त दुसऱ्या दिवशी आलं असतं. पण बाहेर तिचा दीर उभा होता. गावचा पुढारी.

"सकायपासून उपाशी ठेवलं आमच्या वहिनीले, अन् आता म्हणता उद्या?"

"चुकीचं रक्त चढलं असतं तर त्या गेल्या असत्या," मी म्हटलं.

"मले नका शिकवू. तुमच्या त्या सिस्टरले कामच नाही करायचं."

त्यानं वहिनीला उचललं आणि खासगी दवाखान्यात नेलं. तिथं ऑपरेशन झालं, बाई ठणठणीत घरी गेली. तेच आम्हाला नडलं. "तिथं झालं, मग तुमच्याकडं काहून नाही झालं?" याला माझ्याकडं उत्तर होतं, पण ते कोणालाच ऐकायचं नव्हतं. तक्रार झाली, चौकशी झाली. रुग्णाला विनाकारण परत पाठवल्याचा ठपका सिस्टरवर आला.

मी जिल्ह्याच्या आरोग्य खात्याच्या साहेबांना भेटले. निर्णय माझा होता, असं लेखी दिलं. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "मॅडम, सर्जन मला दुसरा मिळणार नाही. सिस्टर मिळेल."

सिस्टरची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, राजूरकडं झाली. त्यांची मुलगी दहावीला होती. निघताना मी बाहेरपर्यंत गेले. त्या म्हणाल्या, "तुमी केलं ना मॅडम तुमच्यानं झालं तेवढं." मला त्यांच्याकडं बघवलं नाही.

त्यांच्या जागी एक तरुण सिस्टर आली. हुशार, हात चपळ. मी तिलाही तेच सांगितलं. तिनं "हो मॅडम" म्हटलं. थिएटर आता शांत असायचं. भूल देणारे डॉक्टर म्हणायचे, बरं झालं.

पावसाळा संपता संपता आतडं अडकलेला एक शेतमजूर आला. ऑपरेशन अर्ध्यावर असताना त्याचे ओठ निळे पडायला लागले. ऑक्सिजनचं सिलिंडर संपलं होतं. दुसरं आणलं, पण त्याच्या तोंडाची चावी जाम झालेली. ती फिरेपर्यंत फार वेळ गेला. त्या माणसानं पुन्हा डोळे उघडले नाहीत. त्याच्या बायकोला मी बाहेर जाऊन सांगितलं. तिनं आरडाओरडा केला नाही. "काही खाल्लं नवतं त्यानं," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तरुण सिस्टर माझ्या खोलीत आली आणि दाराशीच रडू लागली.

"मॅडम, सिलिंडरचा काटा खाली गेलता. मले दिसला होता."

"मग बोलली काहून नाही?"

"कशी बोलू? त्या सिस्टरचं काय झालं, सगळ्यायले माहीत आहे. माहं घर माह्या एकटीच्या पगारावर हाय."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिच्यावर चिडायला माझ्याकडं तोंडच नव्हतं.

यंदा यवतमाळला तरुण सर्जनांच्या शिबिरात मला बोलावलं. विषय दिला होता, टीमचं नेतृत्व. एक पोरगी पुढच्याच रांगेत बसली होती. तिनं विचारलं, "मॅडम, आपल्या टीमनं न घाबरता बोलावं, यासाठी काय करायचं?"

सगळे पेनं उघडून बसले होते. मी दोरा मागवला आणि त्यांना एका हातानं टाक्याची गाठ कशी मारायची ते दाखवलं.