नलूबायचा बातम्यांचा वाटा

नलूबाय मासे विकते. रेवसच्या धक्क्यावर होड्यांचा माल उतरला की तिची पाटी भरते आणि ऊन तापायच्या आत आमच्या गावाची दारं फिरून रिकामी होते. बाई पन्नाशीची, अंगाने शिडशिडीत, पण आवाज असा की गल्लीच्या टोकाला बोलली तरी आमची मांजर उठून बसते. दारात पाटी उतरवल्यावर ती आधी मासे दाखवत नाही. आधी खबर सांगते, मग कोळंबीवरचा ओला फडका काढते.

टाळेबंदीत तिचं फिरणं बंद झालं तेव्हा मुलाने, भावेशने, तिला फोनवर आवाज भरून पाठवायला शिकवलं. फोन ती ओठांसमोर आडवा धरते, पावाचा तुकडा तोडायचा असल्यासारखा. पहिल्यांदा सगळ्यांना एकच निरोप जायचा. मग लोकांच्या फर्माइशी सुरू झाल्या आणि नलूबायने धंद्यातली युक्ती इकडेही लावली. मासे ती वाट्यांनी विकते, पाटीत लहान लहान ढीग लावून, ज्याला जो हवा तो त्याने उचलावा. खबरीचेही तिने वाटे केले. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या केसरला शनिवार-रविवारच्या गर्दीचा अंदाज. आमच्या ह्यांना, म्हणजे निकेतला, त्यांच्या ट्रकच्या रस्त्याची खबर. मला एकच खबर लागायची. आमची हेमाली आठवड्यातून तीनदा लाँचने भाऊच्या धक्क्याला क्लासला जायची. "वयनी, लाँच सुटली. पोरगी बसली. पानी गप हाय." एवढं ऐकलं की मी भाजी चिरायला घ्यायचे.

याचे पैसे ती घेत नसे. अट एकच. जो खबर घेतो त्याने माशाच्या भावात घासाघीस करायची नाही. निकेत म्हणायचे, "भाव न करता जिताडा घेणारं आगऱ्यांचं घर शोधायला निघालो तर आपल्याच दारात येऊन थांबेन मी."

दुसरी एक गोष्ट तिने कधी बोलून दाखवली नाही, पण सगळ्यांना माहीत होती. एका दाराचं ती दुसऱ्या दारी सांगत नाही. श्रावणात आमच्या गावात मासे बंद असतात. तरी काही घरांच्या मागच्या दाराने सुकट आत जाते. कोणाच्या, ते मी तिला कितीदा गमतीने विचारलं. ती म्हणायची, "मांजरांच्या," आणि पाटी उचलायची.

गेल्या वर्षी भावेशने डोकं लावलं. नवी मुंबईतल्या एका कंपनीने 'किनारवाणी' नावाचं ॲप काढलं होतं. तो आमच्याच ओटीवर आईला समजावत होता.

"आये, तू इथे बोलायचं. लोकांनी प्रश्न विचारायचे, तू उत्तर द्यायचं. ऐकायला फुकट. पैसे जाहिरातवाले देनार."

"आनि जाहिरातवाल्याला काय भेटतं?"

"कोन काय ऐकतो ते कळतं."

"त्याला कशाला पायजे? तो काय आमच्यात सोयरीक करतोय?"

"आये, जगात असंच चालतं."

नलूबायला बर्फाची मोठी पेटी घ्यायची होती. ती हो म्हणाली.

पहिला फटका तिला पाटीवरच बसला. खबर फुकट झाली तशी बायकांना जुनी जीभ फुटली. केसरने मांदेलीच्या वाट्यावरून अर्धा तास वाद घातला आणि वर चार मांदेल्या जास्तीच्या उचलल्या. "आता कशाला गप्प बसू?" ती म्हणाली, आणि तिचं चुकत होतं असंही नाही.

माझं वेगळंच झालं. ॲपमध्ये 'खास तुमच्यासाठी' अशी एक पट्टी यायची. आधी नलूबायची लाँचची खबर असायची. तिच्याखाली हळूच दुसरी यायची, कुठल्या तरी नदीत नाव उलटल्याची. मी ती शेवटपर्यंत ऐकली. कुठली आई ऐकणार नाही? त्या ॲपला वाटलं, बाईंना हे आवडतं. दुसऱ्या दिवशी दोन नावा, मग वादळ, मग कुठल्या देशातली फेरीबोट. नलूबायचं "पानी गप हाय" खाली खाली जात दिसेनासं झालं. मी हेमालीला क्लासला जाताना शिट्टी, टॉर्च आणि फुगवायची ट्यूब देऊ लागले. ट्यूब तिने बसमध्ये विसरल्याचं सांगितलं.

निकेत म्हणाले, "अगं, जगातली प्रत्येक बुडालेली बोट तुझ्याच फोनला येऊन लागते. बंद कर ते."

बंद करणार तेवढ्यात खाली नवी ओळ दिसली. 'तुमच्या घरातून ऐकलेलं: सारंगाच्या परवान्याला काय लागतं? तुम्हालाही आवडेल.'

सारंग म्हणजे लाँच चालवणारा. आमच्या घरात आम्ही तिघं. निकेत होडीत बसले की त्यांना मळमळतं. मी तर धक्क्यावरसुद्धा मधोमध उभी राहते.

नलूबाय दारात आली तेव्हा मी पाटी उतरवायलाही हात लावला नाही.

"हेमालीने तुला काय काय विचारलंय?"

"कवा?"

"नलूबाय, उगाच भोळेपणा नको. सारंगाचं विचारलंय ना? कधीपासून चाललंय? कोणाबरोबर जाते, कोण शिकवतंय?"

तिने स्वतःच पाटी उतरवली. "वयनी, वाटा ज्याने उचलला त्याचा. त्यात काय होतं ते त्यालाच विचारा."

"मी तिची आई आहे."

"व्हय. म्हनून तर तुमाला विचारायची चोरी न्हाय. तिला विचारा."

"ती सांगेल का मला? मी 'पाणी' म्हटलं तरी उठून जाते. हे बघ, तू सांगणार नसशील तर उद्यापासून आमच्या दारी येऊ नकोस. मी अलिबागहून आणीन मासे."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. नलूबायचा मात्र पहिल्यांदाच खाली आला.

"नका घेऊ. पन तुमाला हे कळलं कसं, तेवढं सांगा."

मी फोन पुढे केला. तिला वाचता येतं, सावकाश. ती ओळ तिने बोट ठेवून वाचली. मग खाली बसली.

"म्हनजे मीच सांगितल्यावानी झालं की हे."

"तू नाही, त्या ॲपने."

"आवाज कुनाचा हाय त्याच्यात?"

त्या दिवशी दुपारी ती पुन्हा आली, पाटीशिवाय. तिला रिकाम्या हातांनी चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत हे तिला समजत नव्हतं. केसरच्या दारापासून सुरुवात करून ती गल्लीतल्या एकेका घरी थांबली. ओटीवरून मला सगळं ऐकू येत होतं. "ते माझं ॲप काढून टाका. कोन काय ऐकतो ते त्याच्यातून बाहेर पडतंय. मला ठावं नव्हतं. आता ठावं झालं." मागे भावेश. "आये, पैसे चालू झालेत, जरा थांब की! ते आता सेटिंग बदलून देतात म्हनतायत." ती वळलीसुद्धा नाही. "तू मांजरांना सुकट विकलीस तर कळंल तुला," एवढंच म्हणाली. त्याला काही कळलं नाही, पण दोन-तीन घरांतल्या बायका एकदम आत गेल्या.

आमच्या दारी तिने मला हाक मारली नाही. हेमालीला बाहेर बोलावलं, तिच्याशी हळू बोलली आणि गेली.

हेमाली आत आली ती सरळ माझ्यासमोर.

"तुला कळलंय."

"थोडं."

"मग ओरडत का नाहीस?"

"ओरडायला पूर्ण कळायला पाहिजे ना."

ती हसली, आणि मग तिने सांगितलं. क्लास तिने दिवाळीनंतरच सोडला होता. लाँचने जायची आणि त्याच लाँचने परत यायची. सारंग अंबाजीकाका ओळखीचे, निकेतच्या वर्गातले. पाणी शांत असलं की ते तिला शेजारी उभं करून समजावत होते, खुणेच्या काठ्या कुठे, ओहोटीला गाळ कुठे उघडा पडतो. परवान्यासाठी आधी लाँचवर खलाशी म्हणून काम करावं लागतं. त्यांनी ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. घरातून हो पाहिजे होतं.

"आणि ती ट्यूब?"

"अंबाजीकाकांच्या नातवाकडे आहे. त्याला फार आवडली."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी म्हटलं, "पावसाळ्यात?" ती म्हणाली, "पावसाळ्यात पाणी खवळलं की लाँच बंद असते, आई." हे मला माहीत होतं, तरी बरं वाटलं. "उद्या संध्याकाळी सांगते," मी म्हटलं.

सकाळी नलूबाय येईल की नाही याची खात्री नव्हती. आली. पण पायरीच्या खालीच थांबली.

"तू तिला जाऊन सांगितलंस, मी काय विचारलं ते?" मी विचारलं.

"तुमी काय विचारलंत ते न्हाय सांगितलं. तिचं काय बाहेर पडलं ते तिला सांगितलं. ते तिचं होतं."

मी पाटीला हात लावून ती खाली घेतली.

"मला एक खबर पाहिजे."

"बोला."

"या किनाऱ्यावर रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत कुठे बाई सारंग आहे का? असली तर जरा चौकशी कर, तिच्या आईला झोप येते का?"

नलूबायने फडका काढता काढता माझ्याकडे पाहिलं.

"बाई असली तर उद्या सांगते," ती म्हणाली. "आईचं मात्र आईला विचारल्याबिगर न्हाय सांगनार."