त्यांना न सापडलेली एकच गळती

हे मी बारा वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली की विषय बदलायचो, नाहीतर उठून पाणी प्यायला जायचो. आता पंच्याहत्तरी उलटली आहे. भीती एवढीच वाटते की मी गेलो, तर आमच्या कॉलनीत एका माणसाबद्दल जे खोटं बोललं जातं, ते तसंच खरं म्हणून राहील.

मिस्तरी भिंतीला हात लावत तो उलटा. तापलेल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तसा. डोळे मिटून थोडं थांबत आणि म्हणत, "पानी लई लबाड हाय, गुरुजी."

संगमनेरात कुणाचं घर गळायला लागलं की आधी मिस्तरींना बोलावणं जाई. गळती कुठून येते ते शोधून देणं हे त्यांचं काम. डागडुजी मग कुणीही करो. तुम्ही म्हणाल, त्यात शोधायचं काय? ओल जिथे, त्याच्या वर भोक. मीही तेच म्हणालो होतो, तेव्हा ते हसले. "भिजलं इथं म्हनून आलं बी इथनंच, असं न्हाई. पानी स्लॅबच्या पोटात दहा-दहा फूट चालतंय, मंग टपकतंय." एका डॉक्टरांनी त्यांना लवकर उरका म्हटलं, तर म्हणाले, "डॉक्टर, तुमी पेशंटला दारातनंच गोळी फेकून मारता व्हय?"

त्यांची रीत अशी. गच्चीवर संशयाच्या जागेभोवती ओल्या मातीचं आळं करायचं, त्यात रंगीत पाणी सोडायचं आणि खाली खुर्ची टाकून छताकडे बघत बसायचं. एका जागी नीळ, दुसऱ्या जागी गेरू, तिसऱ्या जागी हळद. ज्या रंगाचा थेंब खाली येईल, ती जागा चोर. रविवारी मात्र कामाला येत नसत. धुवट पांढरा सदरा घालून चर्चला जायचे. बिनसाखरेचा चहा सोडला तर त्यांना कसलंही व्यसन नव्हतं. हे वाक्य कृपा करून लक्षात ठेवा.

आमचं छत त्या पावसाळ्यात अचानक गळायला लागलं. आधी पिवळा डाग, मग पोपडे. एका दुपारी ताटाएवढा गिलावा थेट माझ्या उशीवर पडला. मी नुकताच उठून बाहेर आलो होतो. वर पाहिलं तर गंजलेली सळई दिसत होती, उघड्या हाडासारखी. बायकोने अंथरुणं स्वयंपाकघरात नेली. घर अंगावर येणार, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. गळती कुठून आहे, ते मला माहीत होतं.

झालं होतं असं. टीव्हीची छत्री बसवायची होती. बायकोने बजावलं होतं, "माझ्या स्लॅबला भोक पाडायचं नाही. कठड्याला बसवा." ती आठवड्यासाठी राहात्याला माहेरी गेली आणि मी गच्चीच्या मधोमध चार बोल्ट ठोकून छत्री उभी केली. चित्र काही नीट येईना. ती परत यायच्या आदल्या दिवशी छत्री कठड्यावर हलवली, भोकांत थोडं सिमेंट दाबलं आणि वर तिचाच कढीपत्ता लावलेला अर्धा ड्रम सरकवला.

मिस्तरींनी आल्या आल्या विचारलं, "गुरुजी, वर कुठं भोक पाडलं हुतं का? खांब, छत्री, काय?"

बायको चहाचा कप घेऊन शेजारीच उभी होती. मी म्हणालो, "नाही."

"ब्येस. मानसाला इचारलं की काम अर्धं हुतंय."

एका शिक्षकाने बायकोपुढे लाज जाऊ नये म्हणून उच्चारलेला तो एक शब्द.

पहिल्या दिवशी पाणी जाण्याच्या पाइपाच्या तोंडाशी नीळ सोडली. दुसऱ्या दिवशी कठड्याच्या सांध्याला गेरू. तिसऱ्या दिवशी जिन्याच्या कोपऱ्यात हळद. पाऊस चालूच होता. आम्ही दोघं खुर्च्या टाकून छताकडे बघत बसायचो. ते थेंबाखाली पांढरी बशी धरायचे. थेंब पडला की मी आधी बशीत डोकावायचो. प्रत्येक थेंब स्वच्छ. ना निळा, ना तांबडा, ना पिवळा.

"असं कवाच झालं न्हाई," ते पुटपुटले. वर जाऊन ड्रमापाशी उभे राहिले. "ह्यो जरा सरकवू?"

"नको, मुळं दुखावतील. खालची जागा चांगली आहे, मी पाहिली आहे."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

चौथ्या दिवशी सकाळी अर्धा कप चहा पिऊन ते म्हणाले, छज्जा आणि भिंतीचा सांधा बघतो, आता तेवढाच राहिला. खिडकीवरचा तो छज्जा शेवाळाने हिरवागार झाला होता. मी खाली शिडी धरून उभा होतो. ते वर चढले, उभे राहिले. भिंतीला उलटा हात लावला. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, एक डाव नीट आठवून सांगा. वर भोक न्हाई ना कुठं? नसंल तर मी पुढं सरकतो."

बायको आत कुकर लावत होती, खिडकी उघडी होती.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी पाऊल पुढे टाकलं.

ते धुण्याच्या दगडावर पडले. आवाज ओल्या पोत्यासारखा आला. ओरडले नाहीत. नुसते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता विचारतील. पण म्हणाले, "शिडी सोडा, गुरुजी. तुमच्या अंगावर येईल."

शेजारी जमले. रिक्षा आली. त्यांना उचलताना कुणीतरी म्हणालं, "सकाळीच लावून आला असणार." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पोलीस येतील, चौकशी होईल, कुणी गच्चीवर जाईल, एवढीच भीती माझ्या डोक्यात होती.

"काय माहीत," मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत कॉलनीत झालं होतं, 'गुरुजींनाच वास आला म्हणे.' मी असं म्हणालो नव्हतो. पण असं म्हणालो नाही, हेही कुणाला सांगितलं नाही.

बायको दवाखान्यात डबा द्यायला गेली, तेव्हा मी ड्रम सरकवून भोकं या वेळी नीट बुजवली. गळती थांबली. बायको आजही सांगते, "बिचारा पडता पडता काम करून गेला." हे छापून आलं की तिलाही कळेल.

मिस्तरींचा खुबा मोडला होता. काठी आली. तरी उलटा हात लावून सांगायला काठी आड येत नव्हती. पण 'पिऊन चढतो' म्हणून लोकांनी बोलावणंच सोडलं. मी दोन-तीनदा भेटायला गेलो, दरवेळी वाक्य पाठ करून. घराच्या ओट्यावर बसलेले असत. मी तोंड उघडायच्या आतच ते सुरू करायचे.

"गुरुजी, आख्ख्या जन्मात तुमचीच एक गळती मला घावली न्हाई. पडल्या पडल्या तुमची गच्ची डोळ्याम्होरं आनतो. पाइप बघितला, कठडा बघितला... थांबली कशी पन?"

"आपोआप थांबली."

"पानी आपोआप थांबत न्हाई." थोडा वेळ ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "मंग माझंच कायतरी चुकलं असंल. लोक म्हनत्यात त्ये म्हनू द्या, पन ह्ये डोक्यातनं जात न्हाई."

त्यांची बायको चहा घेऊन आली. मी चहा प्यालो, पावसापाण्याचं बोललो आणि उठलो.

पुढे त्यांच्या मुलीने त्यांना राहुरीकडे नेलं. पत्ता मी लिहून घेतला होता. बसने दीड-दोन तासांची वाट. मला पेन्शनच्या कामात, आजारपणात, कशात ना कशात सवड झाली नाही. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. मग एका सकाळी त्यांच्या जावयाचा फोन आला. आदल्या दिवशी माती दिली होती.

फार बोलायचं नव्हतंच मला. तुम्ही प्यायलेले नव्हतात, मिस्तरी. मी खोटं बोललो. मला माफ करा. तुमचं काहीच चुकलं नव्हतं.